काठोकाठ चहा: बिश्केक आणि किर्गिझस्तानच्या कुरणांवर अकरा दिवस

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी लेथवर हेल्पर होतो, तेव्हा गावात रशियन पुस्तकांची गाडी यायची. बांधणी पक्की, आकृत्या स्वच्छ, आणि किंमत चहा-भज्यांइतकी. दहावीनंतरचं माझं कॉलेज म्हणजे ती गाडी. टर्निंग, मिलिंग, गिअर कापणं, सगळं त्या पुस्तकांवरून शिकलो. त्यांतल्या एकाच्या मलपृष्ठावर सोव्हिएत संघाचा नकाशा होता. खाली, चीनला टेकून, गडद तपकिरी रंगाचा एक तुकडा. तपकिरी म्हणजे डोंगर. एवढे डोंगर एका ठिकाणी कसे मावतात, ते एकदा जाऊन बघायचं, असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

आता मी सस्काटूनला पोटॅश खाणींच्या पंपांचे शाफ्ट दुरुस्त करतो. आमच्या मराठी मंडळात डॉक्टर आणि प्रोफेसर भरपूर. विनाडिग्री मी एकटाच. पण बेअरिंगच्या आवाजावरून काय बिघडलंय ते त्यांच्यातल्या एकालाही सांगता येत नाही, मला येतं. असो. ह्या उन्हाळ्यात वाचलं की कॅनडाच्या पासपोर्टला आता किर्गिझस्तानचा व्हिसा लागणार नाही. त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

कॅल्गरीहून मुलीचा फोन आला. "बाबा, नोबडी गोज देअर!"

म्हटलं, "म्हणूनच."

मी अकरा दिवसांचा प्लॅन अकरा पानांवर टाईप केला. किती वाजता निघायचं, किती किलोमीटर, जेवण कुठे. बायकोने, शैलाने, तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "ह्यात माझा दिवस कुठला?"

"सगळेच आपल्या दोघांचे."

"नाही. हे सगळे तुमचे. मला एक द्या. मला घोड्यावर बसून डोंगर ओलांडायचाय. कुणीतरी लगाम धरून गोल फिरवतं तसं नाही. माझं मी."

तिचे वडील गडहिंग्लजच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. औषध पाजताना घोड्याचं तोंड धरायला ही असायची, आणि नंतर त्याच्यावरून चक्कर मारायला तिचा भाऊ. हे तिने मला लग्नानंतर एकदा सांगितलं होतं, आणि मी विसरलो होतो. सहावं पान मी कोरं केलं.

सस्काटून, टोरोंटो, इस्तंबूल, बिश्केक. वाटेतले थांबे धरून दीड दिवस जातो. पहाटे उतरलो तेव्हा धावपट्टीच्या कडेला अफगाणिस्तानला ये-जा करणारी अमेरिकेची करडी लष्करी विमानं रांगेत उभी, आणि त्यांच्यामागे उजाडत्या आभाळात बर्फाची एक सरळ भिंत. शैला म्हणाली, "ढग आहेत." ढग नव्हते.

बिश्केकचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे हरवायची भीती नाही. रस्ते पट्टीने आखल्यासारखे, आपल्या सस्काटूनसारखेच, आणि दक्षिणेला कायम डोंगर. डोंगर दिसला की दिशा कळली. टॅक्सीवाल्याला घरनंबर सांगू नका, त्याचा उपयोग नाही. कुठल्या दोन रस्त्यांच्या चौकात जायचं ते सांगा. रस्त्यांच्या दोन्ही कडांना पाट काढलेत. डोंगरातलं पाणी त्यांतून झाडांच्या मुळाशी जातं, म्हणून छत्तीस डिग्रीतही फुटपाथवर सावली असते. फक्त चालताना खाली बघा, कारण गटारांची झाकणं बरीच गायब आहेत. मी पहिल्याच दिवशी एका चौकात चार मोजली.

आला-तू हा मुख्य चौक. मधोमध घोड्यावर बसलेला मानस, ह्या लोकांचा महाकाव्यातला वीर. पूर्वी इथे लेनिन होता. त्याला पाडलं नाही, उचलून म्युझियमच्या मागे नेऊन उभा केला. तिथे तो अजून हात पुढे करून डोंगराकडे काहीतरी दाखवतोय आणि त्याच्या पायाशी पोरं स्केटबोर्ड खेळतायत. दोन वर्षांपूर्वी ह्याच भागात गोळीबार होऊन सरकार पडलं होतं, म्हणून मंडळातल्या लोकांनी आम्हाला घाबरवलं होतं. आम्हाला दिसली ती आइस्क्रीम खाणारी कुटुंबं.

ओश बाजारात अर्धा दिवस ठेवा. जर्दाळू, अक्रोड, गोल भाकऱ्यांएवढे नक्षीदार ब्रेड, आणि कुरुत नावाच्या खारट दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या. शैलाने एक तोंडात टाकली आणि तासभर ती गालात फिरवत होती. मागच्या बाजूला जुन्या हत्यारांची ओळ आहे. तिथे मला एक सोव्हिएत मायक्रोमीटर मिळाला, अगदी माझ्या पुस्तकातल्या आकृतीतला. शून्य बरोबर लागतं, म्हणजे माप अजून अचूक. विकणाऱ्या म्हाताऱ्याशी मी रशियनमध्ये बोललो. सस्काटूनच्या लायब्ररीतल्या कॅसेट ऐकून तीन हिवाळे शिकलोय, कामावर जातायेता.

तो म्हणाला, "तुझं रशियन बातम्या सांगणाऱ्यासारखं आहे."

मी हे कौतुक समजलो. शैला म्हणते, नव्हतं.

खाण्याचं. मी सगळं खातो, शैला अंड्यापुढे जात नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो. लगमान म्हणजे हाताने ओढलेल्या लांब शेवया, मटणाच्या रश्श्यात. शंभर-सव्वाशे सोमला पोटभर. एका डॉलरला साधारण सत्तेचाळीस सोम मिळत होते. शाकाहाऱ्यांनी "बेझ म्यासा" हे दोन शब्द पाठ करावेत, म्हणजे मांसाशिवाय. आणि तरीही ताटात मांस आलंच तर रागावू नये. त्यांच्या हिशोबी बारीक तुकडे म्हणजे मांस नव्हे. ब्रेड, साय, रासबेरीचा जॅम, तळलेले बटाटे आणि बोर्सोक, म्हणजे बिनसाखरेची फुगलेली शंकरपाळी, ह्यांवर शैलाने अकरा दिवस काढले आणि वजन वाढवून परत आली.

चौथ्या दिवशी बिश्केक सोडलं. आमची गाइड आयगुल, वय पस्तिशीचं, शाळेत इंग्रजी शिकवते आणि उन्हाळ्यात स्वतःच्या गाडीने प्रवासी फिरवते. गाडी जुनी जपानी, फोर व्हील ड्राइव्ह. गंमत अशी की रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं आणि स्टिअरिंगही उजवीकडे. ओव्हरटेक करताना समोरचं तिला दिसायचं नाही, डावीकडे बसलेल्या मला दिसायचं. तीन तास मी "थांब" आणि "जा" एवढंच बोललो. शैला मागून म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा ह्यांचं कुणीतरी दर मिनिटाला ऐकतंय."

तोकमोकजवळ बुराना हा विटांचा जुना मनोरा बघा; आत अंधारा जिना आहे, टॉर्च न्या. पुढे बूमची घळ लागते, एका बाजूला कडा आणि खाली खळाळती चू नदी. मग कोच्कोर नावाचं गाव. तिथे बायकांच्या घरगुती गेस्टहाउसमध्ये राहिलो, अंथरूण जमिनीवर, जेवण उत्तम. कोच्कोरहून किझार्ट गाव, आणि गावाच्या पलीकडे गाडीच्या चाकोरीने दीड तास वर गेलं की कुरण. पाचव्या दिवशी दुपारी पोचलो.

ह्या उन्हाळी कुरणांना जाइलू म्हणतात. जून ते सप्टेंबर मेंढपाळ कुटुंबं घोडे आणि मेंढ्या घेऊन वर येतात, नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, गोल तंबूत राहतात आणि बर्फ पडायच्या आत उतरतात. गवत इतकं दाट की पाऊल टाकलं की आवाज येत नाही. आमचे यजमान तोकोन आता. आता म्हणजे बाबा. पंच्याहत्तरीचे, डोक्यावर पांढरी नमद्याची उंच टोपी, पूर्वी सामुदायिक शेतावर कंबाइन हार्वेस्टरचे मेकॅनिक. हे ऐकल्यावर मला भाऊ भेटल्यासारखं झालं. सोबत त्यांची सून जिल्दिझ. नवरा तिचा मेंढ्या घेऊन दुसऱ्या कुरणावर होता. सोंग-कोल हे मोठं तळं समोरच्या खिंडीपलीकडे, घोड्यावरून चार तास. घोडे आतांचे. द्यायचे की नाहीत ते आतांनी ठरवायचं.

आयगुलने शैलाकडे बोट करून विचारलं. आतांनी शैलाला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग तिच्या हाताकडे. शैला त्यांच्या घोडीच्या कानामागे खाजवत होती आणि घोडी डोळे मिटून उभी होती.

"बघू," आता म्हणाले. "आधी चहा."

आयगुल घरी फोन लावायला समोरच्या टेकाडावर गेली, कारण रेंज तिथेच येते. आम्ही आत बसलो. जिल्दिझ चहा ओतत होती. पियाला म्हणजे आपलाच प्याला, पण बिनकानाचा, वाटीसारखा. आणि ती त्यात ओतायची किती? दोन घोट. कपाचा तळ झाकेल एवढा. मी प्यायलो की पुन्हा दोन घोट. पुन्हा दोन घोट. मी मनात म्हटलं, बिचारीला पाहुण्यांची सवय नाही, किंवा चहा जपून वापरावा लागत असेल. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा कप दिला तर तो गावभर सांगतो. आता स्वतःही तसाच घोट-घोट पीत होते. मला राहवेना.

मी जिल्दिझच्या हातातून किटली घेतली. "तू बस, मुली," म्हटलं, आणि आतांचा पियाला भरला. हात स्थिर आहे माझा, इंचाचा हजारावा भाग मोजणारा हात आहे. काठाला चहा फुगून उभा राहिला, पण थेंब सांडला नाही. दोन्ही हातांनी पुढे केला.

जिल्दिझने तोंडावर हात ठेवला. आतांनी पियाल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तो पियाला, उकळता, एका दमात संपवला, टोपी नीट केली, आणि उठून बाहेर गेले.

"काहीतरी चुकलं," शैला म्हणाली.

"काही नाही. चहा आवडला त्यांना."

खिंडीकडे जाणारी वाट तंबूच्या दारातून दिसत होती. आता घोड्यांपाशी गेले आणि एकेकाचं खोगीर उतरवायला लागले.

आयगुल परत आली, जिल्दिझशी बोलली, आणि दारातच थांबली. "तुम्ही त्यांचा पियाला भरलात? पूर्ण?"

"पूर्ण. का?"

"आमच्याकडे थोडा ओततात, म्हणजे परत परत ओतता येतो. थोडा म्हणजे, अजून बसा. काठोकाठ म्हणजे, हा प्या आणि निघा." ती हसू दाबत होती, पण पुढचं बोलताना हसू गेलं. "तुम्ही आतांना त्यांच्याच घरातून जा म्हणालात. आणि ते गेले. बाहेर भेटले तर म्हणतायत, घोडे दमलेत."

मी समजावायला सुरुवात केली. आमच्याकडची पद्धत, भरल्या कपाचा मान, कोल्हापूरचं आदरातिथ्य. आयगुल ऐकत होती. शैला ऐकत नव्हती. ती दाराबाहेर बघत होती, दुसऱ्या घोड्याचं खोगीर उतरत होतं.

"अहो," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला नका सांगू. त्यांना सांगा. मी सत्तावीस वर्षांत तुमच्याकडे एक दिवस मागितला."

माझ्या कामात मी चूक कबूल करत नाही, कारण मी चूक करत नाही. जॉब दोनदा मोजून मगच कापतो. इथे मी काही मोजलंच नव्हतं. ज्या देशाची उंची, लोकसंख्या, नद्यांची लांबी पाठ करून आलो, तिथे चहा कसा पितात ते कुणाला विचारलं नव्हतं.

घोड्यांपर्यंत पन्नासएक पावलं असतील. तिसऱ्या घोडीचा पट्टा आता सोडत होते. मी माझ्या बातम्यांच्या रशियनमध्ये म्हणालो, "मी दोषी आहे. मला माहीत नव्हतं. आमच्या देशात भरलेला कप म्हणजे मान."

त्यांनी पट्टा सोडला नाही, बांधलाही नाही. "तुझ्या देशात पाहुणा घरच्या सुनेच्या हातातून किटली घेतो?"

"नाही," मी म्हणालो. खरंच नाही घेत. माझ्या आईने कुणाला घेऊ दिली नसती.

"मग?"

"मला वाटलं, मला जास्त कळतं."

आतांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मीही मेकॅनिक होतो. सगळे मेकॅनिक असेच." आणि पट्टा परत आवळला. "उद्या घोडे तुझ्या बायकोला. सून नेईल, मास्तरीण बरोबर जाईल. तीन घोडे आहेत. तू इथे बसशील माझ्याजवळ. तुझा चहा राहिलाय."

मी सोंग-कोलसाठी पृथ्वीला अर्धा वळसा घालून आलो होतो. ओठांवर आलं होतं की जिल्दिझच्या जागी मी जातो, मला नकाशावरून वाट काढता येते. नाही बोललो.

सहाव्या दिवशी सकाळी सातला निघाल्या तिघी. शैलाने माझं विंटर जॅकेट घातलं होतं आणि जिल्दिझची जुनी बुटं. चढताना दोनदा पाय घसरला. मी मदतीला पुढे झालो तर आतांनी माझी बाही धरली. तिसऱ्यांदा ती चढली. लगाम हातात घेतला, इकडे बघितलंही नाही, आणि घोडी चालायला लागली. संध्याकाळी पाचला परत, असं ठरलं होतं.

मग मी चहा प्यायलो. दोन घोट, गप्पा, दोन घोट. आतांनी जुन्या कंबाइनचा क्रँकशाफ्ट शेतातच कसा सरळ केला ते सांगितलं, मी पोटॅशच्या पंपांचं सांगितलं. "कॅनडात मेंढ्या किती?" "मोजल्या नाहीत." त्यांना हे फार आवडलं. दुपारी बोर्सोक, साय, आणि घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस. ते नाकाने न घेता तोंडाने प्यावं, म्हणजे जमतं.

तीनच्या सुमारास खिंडीवर काळं झालं आणि गारा आल्या. मिरीएवढ्या, मग हरभऱ्याएवढ्या. पाच वाजले. साडेपाच. मी दर दहा मिनिटांनी दारात. आतांनी मागून नुसता पियाला पुढे केला, दोन घोटांचा.

"जिल्दिझच्या मावशीचा तंबू आहे तळ्यावर," ते म्हणाले. "गारा आल्या की शहाणी माणसं थांबतात. सून शहाणी आहे. बस."

दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बसलो.

सातव्या दिवशी सकाळी दहाला त्या खिंडीतून उतरताना दिसल्या. तीन ठिपके, मग तीन घोडे. मी डोळे ताणून मधला घोडा बघत होतो, आयगुल आणि जिल्दिझच्या मध्ये. मधल्यावर आयगुल होती. शैला पुढे होती. सपाटीला आल्यावर तिने टाचा मारल्या आणि घोडी दुडक्या चालीने तंबूपर्यंत आली. उतरल्यावर तिला धड चालता येत नव्हतं, तोंड उन्हाने लाल, आणि ती आधी घोडीशी बोलली, मग माझ्याशी. काय बोलली? "भूक लागलीय."

माझ्या प्लॅनमधला सातवा दिवस असा गेला. काराकोल शहर आणि तिथले गरम पाण्याचे झरे राहिले. उरलेले दिवस इस्सिक-कोल सरोवराच्या दक्षिण काठावर, बोकोनबायेव गावात काढले. पाणी खारट, निळं, पोहण्याजोगं. तुम्ही जाणार असाल तर दोन दिवस रिकामे ठेवून जा. मी हे आधी कधीच सुचवलं नसतं.

थोडं कामाचं: ऑगस्टमध्येही वर रात्री शून्याजवळ जातं, थर्मल न्या. डॉलर नवे, कोरे न्या, दुमडलेली नोट घेत नाहीत. कोच्कोरच्या पुढे पैसे बदलायची सोय धरू नका. आणि किटलीला हात लावू नका.

आता परत सस्काटून. सप्टेंबरात मंडळाचं पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायचं जेवण, तिथे मी प्रोजेक्टरवर ट्रिप दाखवली. नकाशे, उंचीचे आलेख, सगळं व्यवस्थित. सोंग-कोलचे फोटो मात्र तीनच. कॅमेरा शैलाकडे होता, आणि तिन्हींत घोडीचे दोन कान आहेत आणि कानांच्या मध्ये काहीतरी निळं.

एका रिटायर्ड प्रोफेसरांनी विचारलं, "लेक किती मोठं आहे? लांबी-रुंदी?"

आकडे मला पाठ आहेत. पण मी म्हटलं, "हिला विचारा. मी गेलो नव्हतो."

अशा ठिकाणी मी कधी "मी गेलो नव्हतो" म्हणालेलो नाही.

शैला हातातली पुलावाची प्लेट ठेवून म्हणाली, "खिंडीवर घोडी आपणहून थांबली. खाली तळं होतं. मी सवयीने मागे वळले, हे काय सांगतात म्हणून. मागे कुणीच नव्हतं, त्या दोघी पुढे गेल्या होत्या. मग म्हटलं, आता आपलं आपणच बघावं."

सगळे हसले. मीही. मग प्रोफेसरांनी पुन्हा विचारलं, "पण कसं होतं?"

"खूप मोठं," ती म्हणाली, आणि पुलाव खायला लागली.

सोंग-कोलबद्दल ह्याहून जास्त माहिती ह्या ब्लॉगवर मिळणार नाही.